दोडक्याची पच्चडी

दोडक्याची भाजी करायची म्हटली की पहिलं काम त्याच्या शिरा काढण्याचं. विळीवर दोडका धरायचा, शिरा खरडायच्या, आणि त्या एका बाजूला पडतात. पुढं त्यांचं काय होतं? काही घरी त्या गोठ्यात जातात, काही घरी उकिरड्यावर. ज्या घरी जुनं वळण टिकून आहे, तिथं त्यांची तीळ नि सुकं खोबरं घालून खमंग चटणी होते. ही चटणी आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे. परंतु आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडू या मुलखांत दोडक्याच्या सालींची, आणि पुष्कळदा साल व गर दोन्ही मिळून, जी ओली चटणी करतात, ती आपल्याकडे फारशी होत नाही. करायला ती सोपी आहे, खर्च थोडा आहे, आणि पावसाळ्यात वेलाला दोडके लागले म्हणजे रोज रोज तीच भाजी खाऊन कंटाळलेल्या घराला ती फार उपयोगी पडते. तिच्यात एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी लागते. तीही पुढं सांगणार आहे.

आधी नावाचं बघू. तेलुगूत दोडक्याला ‘बीरकाय’ म्हणतात. यातलं ‘काय’ म्हणजे आपला प्रश्न नव्हे बरं का. तेलुगूत काय म्हणजे न पिकलेलं फळ. वांग्याला ते ‘वंकाय’ म्हणतात. कानडीत दोडक्याला ‘हीरेकाई’ आणि तमिळमध्ये ‘पीर्क्कंगाय’. चटणीला तेलुगूत ‘पच्चडी’ आणि तमिळमध्ये ‘तोगयल’ किंवा ‘तुवैयल’ असं नाव आहे. आता गंमत अशी, की तमिळ घरात जाऊन ‘पच्चडी’ मागितली, तर तुमच्या पानात दह्यातली कोशिंबीर येईल! आणि आपल्याकडे मुळ्याची, कोबीची जी ‘पचडी’ करतात, ती तर कच्चीच असते. एकच शब्द, पण प्रांत बदलला की पदार्थ बदलतो. म्हणून आज मी पच्चडी म्हणेन तेव्हा तेलुगू घरातली, भाजी परतून आणि वाटून केलेली चटणी असं समजावं.

तेलुगू लोक तिच्यातही दोन जाती करतात. एक ‘निलव पच्चडी’, म्हणजे टिकाऊ. आवकाय, म्हणजे मोहरीची पूड आणि मिरची घातलेलं कैरीचं लोणचं, हे त्या जातीचं. ते वर्षभर बरणीत राहतं. दुसरी ‘रोटी पच्चडी’. रोटी म्हणजे पोळी नव्हे. दगडी उखळाला तेलुगूत ‘रोलु’ म्हणतात, आणि ‘रोटी पच्चडी’ म्हणजे उखळात कुटलेली पच्चडी. ही रोजच्या रोज करायची आणि त्याच दिवशी संपवायची. दोडक्याची पच्चडी या दुसऱ्या जातीतली. तमिळ घरांत हेच काम ‘अम्मी’वर होई. अम्मी म्हणजे आपला पाटा-वरवंटा. आता बहुतेक घरी मिक्सर आला आहे आणि त्यानंही काम उत्तम होतं, फक्त थोडं हात राखून. ते पुढं येईलच.

भात हे ज्यांचं मुख्य अन्न, त्यांच्या पानात अशा चटणीला मोठी जागा असते. भाकरीला स्वतःची एक चव आहे; नुसत्या मिठाबरोबर, कांद्याबरोबरही भाकरी जाते. भात मात्र मवाळ. त्याला आंबट, तिखट, खारट असं काहीतरी सोबतीला लागतं. म्हणून तिकडं गरम भातावर पच्चडीचा एक गोळा घालून, वर चमचाभर तूप किंवा तिळाचं तेल सोडून, तो भात हातानं कालवून पहिल्यांदा खातात. मग डाळ, मग सांबार किंवा पुलुसू, आणि शेवटी दहीभात. या चटणीत डाळ असते, भाजी असते, आंबटपणा असतो, स्निग्ध असतं. म्हणजे एका घासात बरंच काही. पण एक स्पष्ट सांगतो. चार-पाच माणसांच्या चटणीत दोन-तीन चमचेच डाळ पडते. तेव्हा चटणी झाली म्हणून त्या दिवशी वरणाला सुट्टी देणं बरोबर नाही.

आता ती सावधगिरी. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, दोडका चिरताना, प्रत्येक दोडक्याचा तांदळाएवढा कण जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, चूळ भरावी, आणि तो दोडका सरळ फेकून द्यावा. जनावरालाही घालू नये. ही म्हातारी माणसांची उगाच खोड आहे असं समजू नका. दोडका, दुधी, काकडी, घोसाळं ही सगळी एका कुळातली. या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. माणसानं शेकडो पिढ्या गोड वेलांचं बी राखून लागवडीच्या जातींतून ती जवळजवळ नाहीशी केली. पण एखाद्या वेलावर, कधी पाण्याचा ताण पडल्यानं, कधी कडू जातीशी बियाणाचा संकर झाल्यानं, ती परत उतरतात. असं फळ वरून ओळखू येत नाही. दिसायला अगदी चांगल्या दोडक्यासारखंच.

कडू दुधीचा रस प्यायल्यानं आपल्या देशात माणसं गंभीर आजारी पडली आहेत. पोटात कळा, जुलाब, रक्ताची उलटी असे प्रकार झाले, आणि काही माणसं दगावलीही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातला सल्लाही हाच आहे: आधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी सुरू झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा. तो अहवाल दुधीविषयी आहे. पण द्रव्य त्याच कुळातलं असल्यामुळं दोडक्यालाही तोच नियम लावावा.

तुम्ही म्हणाल, शिजवल्यावर कडूपणा जाईल की! तर नाही जात. ही द्रव्यं उष्णतेनं सहजी मोडत नाहीत. आणि चटणीच्या बाबतीत तर धोका अधिकच. भाजी कडू झाली तर पहिल्या घासाला कळतं, आणि आपण पान बाजूला सारतो. चटणीत चिंच असते, मिरची असते, गुळाचा खडा असतो. हे तिन्ही मिळून कडूपणा झाकून टाकतात. म्हणून चाखायचं ते चिरतानाच. चटणी झाल्यावर चाखून उपयोग नाही. कारल्याची गोष्ट निराळी. कारलं कडूच असायचं, त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा आहे, आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. जे फळ कडू नसायला हवं ते कडू निघालं, तर त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

साल खायची म्हणजे धुण्याकडेही लक्ष हवं. दोडक्याच्या शिरांच्या मधल्या खाचांत धूळ बसते, आणि बाजारातला माल असेल तर फवारणीचं औषधही. वाहत्या पाण्याखाली प्रत्येक खाच बोटानं चोळून धुवावी. घरच्या वेलावर फवारणी केली असेल, तर औषधाच्या डब्यावर जितके दिवस तोडणी करू नये असं छापलेलं असतं, तितके दिवस थांबावं. दोडका कोवळा घ्यावा. नखानं टोचून पाहिलं की नख सहज रुतलं पाहिजे. जून दोडक्यात आतून जाळी धरायला लागते आणि बी कडक होतं. त्याची चटणी कितीही वाटली तरी दाताखाली चोथा येतो. तसा दोडका वेलावरच वाळू द्यावा, बियाणाला होईल.

आता साहित्य. चार-पाच माणसांना अर्धा किलो दोडके, म्हणजे मध्यम आकाराचे तीन, पुरे होतात. हरभऱ्याची डाळ एक मोठा चमचा, उडदाची डाळ एक मोठा चमचा. सुक्या लाल मिरच्या पाच-सहा. तिकडची माणसं याच्या दुप्पट घालतील, पण आपण आपल्या घरच्या पोरांकडं पाहून घालाव्या. हिरव्या मिरच्यांचीही ही चटणी फार छान होते. मात्र त्या तेलात टाकण्यापूर्वी उभी चीर द्यावी, नाहीतर तडकून अंगावर उडतात. चिंच लिंबाएवढी नको, सुपारीएवढी घ्यावी. धने एक चमचा, जिरे अर्धा चमचा, लसूण असेल तर चार-पाच पाकळ्या, मीठ, हवा असल्यास गुळाचा लहान खडा. तेल दोन-तीन मोठे चमचे. तिकडं तिळाचं तेल वापरतात. आपल्याकडं शेंगदाण्याचं चालेल. फोडणीसाठी मोहरी, हिंग, कढीपत्ता.

आधी शिरा काढून घ्याव्या, मग पातळ साल काढावी. दोन्ही बारीक चिरून एकत्र ठेवावं. गराच्या लहान फोडी कराव्या. चिंच थोड्या गरम पाण्यात भिजत घालावी, म्हणजे चिंचोके आणि दोरे काढता येतात.

कढई मंद आचेवर ठेवून चमचाभर तेल घालावं आणि पहिल्यांदा हरभऱ्याची डाळ टाकावी. ती जाड असते, तिला वेळ लागतो. तिचा रंग किंचित बदलला की उडदाची डाळ, मग धने, मिरच्या आणि शेवटी जिरे. सगळं एकदम टाकलं तर जिरे करपतात आणि हरभऱ्याची डाळ आतून कच्ची राहते. घाई केली तरी तेच. मोठ्या आचेवर डाळ वरून तांबडी होते आणि आत कच्चीच असते. मग चटणीला डाळीचा कच्चट वास येतो. डाळ तांबूस-सोनेरी झाली आणि खमंग वास घरभर सुटला की उतरून ताटलीत काढावी. कढईतच ठेवली तर कढईच्या उष्णतेनंच ती पुढं करपते.

या डाळीचं काम नुसतं चवीचं नाही. दोडक्याच्या शंभर भागांत नव्वदाहून अधिक भाग पाणीच असतं. भाजी परतली तरी वाटताना थोडं पाणी सुटतंच. भाजलेली डाळ ते पाणी शोषून घेते आणि चटणीला अंग येतं. म्हणून डाळ वगळली तर चटणीचा कालवण-रस होतो. तेलंगणात काही घरी डाळीऐवजी तीळ किंवा शेंगदाणे घालतात. त्यांनीही हे काम होतं, चव मात्र आपल्या चटणीच्या जवळ येते.

त्याच कढईत आणखी चमचाभर तेल घालून साली आणि शिरा परताव्या. पाच-सात मिनिटांत त्यांचा हिरवा रंग गडद होतो, कडा आक्रसतात आणि कच्चा वास जातो. त्या बाजूला काढून मग गराच्या फोडी टाकाव्या, थोडं मीठ घालावं. मिठानं पाणी सुटतं. तीन-चार मिनिटं झाकण ठेवावं. फोडी आपल्याच पाण्यात मऊ होतात, वरून पाण्याचा थेंबही घालू नये. मग झाकण काढायचं आणि पाणी आटेपर्यंत परतायचं. बहुतेकांची चटणी बिघडते ती इथं. भाजी मऊ झाली म्हणजे झालं असं वाटतं. पण कढईच्या तळाशी पाणी दिसतं आहे तोवर थांबायचं नाही. उलथन्यानं फोडी एका बाजूला ओढल्या आणि मोकळ्या जागेत पाणी न येता नुसतं तेल चकाकलं, की काम झालं असं समजावं. शेवटी भिजवलेली चिंच आणि लसूण टाकून एकदा परतून उतरावं. कढई लोखंडी असेल तर चिंच कढईत न घालता वाटतानाच घालावी, नाहीतर चटणी काळपट होते आणि लोखंडाची चव उतरते.

सगळं पूर्ण निवू द्यावं. गरम भाजी बंद भांड्यात घालून मिक्सर फिरवला की आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि चटका बसतो. पोरंसोरं जवळ असतात; त्यांच्यासाठी तरी दहा मिनिटं थांबावं.

वाटण्याचाही क्रम आहे. पहिल्यांदा भाजलेली डाळ, मिरच्या, धने-जिरे आणि उरलेलं मीठ. यांची रवाळ पूड करायची. अगदी पीठ नको. मग साली, चिंच, लसूण आणि गूळ घालून वाटायचं. गर सगळ्यात शेवटी, आणि मिक्सर एकदोनदाच थांबून थांबून फिरवायचा. का, ते सांगतो. सगळं एकत्र टाकलं तर मऊ गर पात्याखाली आधी सापडतो, त्याची पेज होते, आणि डाळ त्या पेजेत पोहत तशीच राहते. मग डाळ बारीक करण्यासाठी आपण आणखी फिरवतो आणि चटणीचा चिकट लगदा होतो. उखळात कुटलेल्या चटणीची मजा अशी, की घासात कुठं डाळीचा कण लागतो, कुठं गराची फोड, कुठं सालीचा तंतू. मिक्सरमध्ये ती मजा आणायची तर हात आखडता घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी खलबत्ता किंवा पाटा अजून आहे, त्यांनी एकदा त्यावर करून पाहावी. मेहनत आहे, पण चवीतला फरक मान्य करावाच लागतो.

वर फोडणी: तेलात मोहरी तडतडली की चिमूटभर हिंग, थोडी उडदाची डाळ आणि कढीपत्ता. ती चटणीवर ओतून कालवली, की पच्चडी तयार. गरम भाताबरोबर तर ती चांगलीच, पण ज्वारीच्या भाकरीबरोबरही कमी नाही. इडली-डोशाबरोबर हवी असेल तर गर थोडा जास्त ठेवून सैलसर करावी.

आता ही चटणी किती दिवस राहते? लोणचं वर्षभर राहतं, मग ही का राहू नये, असं पुष्कळांना वाटतं. लोणच्यात मीठ भरपूर, आंबटपणा भरपूर, वर तेलाचा थर, आणि पाण्याचा अंश थोडा. तिथं जंतूंना वाढायला जागाच मिळत नाही. आपल्या पच्चडीत मीठ चवीपुरतं आणि पाणी पुष्कळ. ती सकाळी केली तर रात्रीच्या जेवणापर्यंत संपवावी. शीतकपाट असेल तर कोरड्या चमच्यानं काढून दोन-तीन दिवस. तमिळ घरांतल्यासारखं ओलं खोबरं घातलं असेल, तर मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचीही वाट पाहू नये. ठेवायचं भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. चिंचेच्या आंबटपणानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि बिनकल्हईच्या पितळेत तर चटणी कळकते.

इथं आपल्या शिरांच्या चटणीशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. आपण शिरा तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परततो, म्हणजे त्यांतलं पाणी घालवतो, आणि तीळ-खोबरंही भाजूनच घालतो. म्हणून ती आठवडाभर डब्यात राहते, शेतावर फडक्यात बांधून नेता येते. पच्चडी डब्यात बांधून न्यायची चटणी नाही. ती पानात बसायची. कोणती चांगली, हा वाद व्यर्थ आहे. मात्र आपल्या रीतीत शिरा वापरल्या जातात आणि कोवळी साल पुष्कळदा फुकट जाते. पच्चडीत तीही कामी येते. एकाच दोडक्याच्या शिरांची कोरडी चटणी आणि साल-गराची ओली, अशी वाटणी करायलाही हरकत नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. शाळेच्या परसबागेत कुंपणाला दोडक्याचे दोन वेल असले, तर मुलांकडून एक छोटा प्रयोग करून घ्यावा. अर्धा किलो दोडक्याच्या फोडी तोलाव्या, परतून पाणी आटवावं आणि पुन्हा तोलाव्या. वजन किती उतरलं ते मुलांनी फळ्यावर मांडावं. भाजीतलं पाणी म्हणजे काय, हे पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा तराजूवर लवकर कळतं. त्याच तासाला कडू दोडक्याची गोष्टही सांगावी. मुलं ती घरी जाऊन आईला सांगतातच. चाखण्याचं काम मात्र मोठ्या माणसानंच करावं.

दोडका नसेल त्या दिवसांत याच रीतीनं दुधीची, तांबड्या भोपळ्याच्या कोवळ्या सालीची, कोबीची, टोमॅटोची चटणी होते. टोमॅटो असेल तर चिंच निम्मी करावी. दुधीला आणि काकडीला चाखण्याचा नियम तसाच. वांगं मात्र विस्तवावर भाजून घ्यावं आणि त्याची काळी साल काढून टाकावी. आणि एक भाजी तर आपल्या रानात, बांधावर भरपूर असते, पण तिची पच्चडी आपण करत नाही: अंबाडी. तेलुगूत हिलाच ‘गोंगुरा’ म्हणतात, आणि गोंगुऱ्याची पच्चडी म्हणजे तेलुगू माणसाचा जीव की प्राण. अंबाडीची पानं मुळातच आंबट, म्हणून तिच्यात चिंच घालायची नाही. पानं धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावी, तेलात परतून त्यांचा गोळा झाला की वर सांगितलेल्या डाळ-मिरचीच्या पुडीबरोबर वाटावी, आणि लसणाची फोडणी जरा सढळ हातानं द्यावी. सोबत कच्चा कांदा असला तर उत्तमच.